साहेबांना सांगू का?

लातूरच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याशेजारच्या मेडिकलवर सायंकाळी दहा मिनिटं उभे राहा. गोळ्यांची पाकिटं हातात घेतलेला माणूस दुकानदाराला दोन प्रश्न हमखास विचारतो. जेवणाआधी की जेवणानंतर, हा पहिला. दुसरा प्रश्न तो जरा आवाज खाली आणून विचारतो, "यानं झोप तर येत नाही ना? उद्या ड्यूटी आहे." आणखी एक तिसरा प्रश्न असतो, तो मात्र दुकानदाराला विचारला जात नाही. घरी जाताना माणूस तो स्वतःलाच विचारत राहतो. मी ही औषधं घेतो, हे कामावर सांगावं की सांगू नये?

आज या तिसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. एका कारखान्याच्या ऑफिसात जवळजवळ तीस वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी माणसांच्या फायली सांभाळण्यात गेली. पण त्याआधी हा प्रश्न माझ्याच खिशात होता. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट या भागातल्या कोणाला समजावून सांगायची गरज नाही. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमचं गाव औसा तालुक्यातलं. आमच्या घरातली दोन माणसं त्या पहाटे गेली. मी लातूरला खोली करून राहत होतो, म्हणून वाचलो. पुढं दीड-दोन वर्षं मला पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. छाती धडधडायची, घाम फुटायचा, आणि मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रात्री घ्यायच्या दोन गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी झोप लागू लागली. पण माझी पाळी सकाळी सातची, टाइम ऑफिसात. हजेरीची कार्डं तपासायची. सातला पोचायचो तेव्हा डोकं जड, डोळे लाल, जीभ जराशी अडखळणारी. आठवड्यातून दोन-तीनदा उशीर व्हायचा. डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या म्हटलं की लोक काय म्हणतात हे माहीत होतं, म्हणून त्या गोळ्या मी बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या. कोणी विचारलं तर सांगायचं, अशक्तपणा आहे.

महिनाभरानं मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "रात्री किती वाजता थांबता?" मला आधी कळेचना. मग उमगलं. कारखान्यात माझ्याविषयी पसरलं होतं की हा पिऊन येतो.

तेव्हा मी बोललो. जे बोललो ते आजही शब्दाला शब्द आठवतं. "साहेब, मी पीत नाही. डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली आहे. सकाळी नऊपर्यंत डोकं जड राहतं. काही महिने जनरल शिफ्ट दिली तर कामात चूक होणार नाही." साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सहा महिने जनरल शिफ्ट दिली. त्यांनी गोळीचं नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

या अनुभवातून मला पहिली गोष्ट कळली. आपण गप्प बसलो म्हणजे गोष्ट झाकली गेली, असं होत नाही. औषधाचा परिणाम लोकांना दिसत असेल, तर त्याचं कारण लोक आपल्या मनानं लावतात. आणि ते कारण खऱ्यापेक्षा चांगलं क्वचितच असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकावं, संपलं. नाही. दुसरी गोष्ट ऐका.

काही वर्षांनी मी कर्मचारी विभागात आलो. पॅकिंगच्या मशीनवर एक तरुण पोरगा होता. त्याला पूर्वी फिट यायच्या. गोळ्या नियमित चालू होत्या, दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती. जागरण झालं तर फिट येण्याची शक्यता वाढते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रात्रपाळी नको, एवढीच त्याची मागणी. त्यानं सुपरवायझरला विश्वासानं सगळं सांगितलं, फिटचं, गोळ्यांचं, डॉक्टरांचं. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्यानं काळजीपोटी चौघांना सांगितलं, "पोराकडं लक्ष ठेवा रे, त्याला मिरगी येते." संध्याकाळपर्यंत ते चहाच्या टपरीवर पोचलं. आठवड्यात त्याच्या गावात पोचलं. त्याच्या धाकट्या बहिणीची सोयरीक जुळत आली होती, ती मोडली.

आपल्याकडचं हे खरं दुखणं आहे. मोठ्या शहरात माणूस भितो ते नोकरी जाईल म्हणून. लातूर, उदगीर, निलंग्यात तो नोकरीला भितोच, पण त्याहून जास्त सोयरिकीला भितो. इथं मालक हा कोणाचा तरी पाव्हणा असतो, मुकादम गावचाच असतो, आणि कामावरची बातमी बाजारच्या दिवशी घरी पोचते. 1999 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि वारंवार फिट येणं ही लग्नाच्या आड येणारी बाब राहिली नाही. कायद्यानं ती ओळ पुसली. लोकांच्या मनातून पुसायला वेळ लागतो आहे.

तो पोरगा माझ्यापुढं येऊन बसला आणि त्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही सांगितलं तर तुमचं भलं झालं. मी सांगितलं तर माझं असं का?" मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. नंतर विचार करून जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगतो आहे.

मुळात मालकाला विचारायचा हक्क किती, ते आधी पाहू. या बाबतीत दोन निकाल प्रत्येक नोकरदाराला माहीत असावेत.

पहिला सर्वोच्च न्यायालयाचा, 1991 चा. नीरा माथूर नावाच्या बाईंना आयुर्विमा महामंडळात नोकरी लागली होती. नोकरीच्या वेळी भरून घेतलेल्या अर्जात बायकांना त्यांच्या मासिक पाळीविषयी, गरोदरपणाविषयी खोलात जाऊन प्रश्न विचारलेले होते. पुढं बाळंतपणाची रजा झाल्यावर, अर्जात माहिती लपवली म्हणून त्यांना काढून टाकलं. न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं, आणि असले प्रश्न बाईमाणसाला संकोचात टाकणारे आहेत, ते अर्जातूनच काढून टाका, असं महामंडळाला सांगितलं. म्हणजे मालकानं छापील अर्जात प्रश्न विचारला, एवढ्यानं तो विचारायचा हक्क त्याला मिळतोच असं नाही.

दुसरा निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा, 1997 चा. एका सार्वजनिक कंपनीत हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या माणसाला कायम करायच्या वेळी तपासणी झाली. तो एचआयव्हीबाधित निघाला. अंगानं धडधाकट होता, कामही करत होता, तरी त्याचं काम गेलं. न्यायालयानं त्याला स्वतःचं नाव न सांगता दावा चालवू दिला. निकालपत्रात त्याचं नाव नाही, नुसती अक्षरं आहेत. न्यायालय म्हणालं, हा माणूस नेमून दिलेलं काम करू शकतो का, आणि त्याच्यापासून कामावरच्या इतरांना खरोखर धोका आहे का, एवढंच पाहा. काम करू शकत असेल आणि धोका नसेल, तर नुसत्या आजारावरून त्याचा रोजगार काढता येणार नाही.

पुढं 2017 साली एचआयव्हीसंबंधी स्वतंत्र कायदा झाला, तो 2018 पासून लागू आहे. नोकरी द्यायच्या आधी ही तपासणी करून आण, अशी अट मालकाला घालता येत नाही. आपल्या औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांच्या सेवालयात एचआयव्हीसह जगणारी मुलं वाढली. अशी मुलं आज नोकरीच्या वयाची होत आहेत. रोजची गोळी त्यांना जन्मभर घ्यायची आहे. एका टेबलावर काम केल्यानं, एका डब्यातलं खाल्ल्यानं हा आजार लागत नाही. त्यांच्या गोळीचं नाव सांगायचं की नाही, हे कायद्यानं त्यांच्याच हातात ठेवलं आहे.

तेव्हा मालकाचा रास्त प्रश्न एकच आहे. हा माणूस हे काम नीट आणि कोणाला इजा न होता करू शकेल का? आजाराचं नाव हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा तो त्याचा नसतो. मी साहेबांना सांगितलं ते कामाविषयी होतं, एका माणसाला होतं, आणि बंद दाराआड होतं. त्या पोरानं सांगितलं ते आजाराविषयी होतं, आणि ते ज्याच्या पोटात राहणार नाही अशा माणसाला होतं. आमच्या दोघांत फरक पडला तो इथं.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : या औषधामुळं माझ्या कामात काही बदल होतो का? रक्तदाबाची गोळी घेऊन खुर्चीत बसून काम करणाऱ्यानं कोणाला काही सांगायची गरज नाही. थायरॉइडची गोळी, पित्ताची गोळी, हे आपल्या घरातलं आहे. पण झोप आणणारी औषधं घेऊन मशीनवर, शिडीवर किंवा स्टिअरिंगवर असणाऱ्याला गप्प बसता येणार नाही. आणि अशी औषधं फक्त मनाच्या आजाराची नसतात. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या, खोकल्याची काही औषधं, दुखण्यावरच्या काही गोळ्या, यांनीही चांगली गुंगी येते. रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यानं पात्यावर काम करताना विचार करावा, कारण लहान जखमही लवकर थांबत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर अचानक फार उतरली, तर घाम येतो, हात थरथरतात, बोलणं भरकटतं. बघणाऱ्याला वाटतं, हा प्यालेला आहे. माझ्यावर जी वेळ आली तीच. अशा माणसानं शेजारी काम करणाऱ्या एकाला तरी सांगून ठेवावं, की असं झालं तर मला लगेच साखर दे, आणि शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता दवाखान्यात ने.

दुसरा प्रश्न : मला लेखी विचारलेलं आहे का? गप्प बसणं वेगळं आणि खोटं लिहून सही करणं वेगळं. वाहन परवान्याच्या अर्जासोबत जे घोषणापत्र असतं, त्यात फिट येतात का, अचानक चक्कर येऊन शुद्ध हरपते का, असं स्पष्ट विचारलेलं आहे. तिथं रस्त्यावरच्या लोकांचा जीव आहे. तिथं 'नाही' लिहून सुटता येत नाही. नोकरीच्या अर्जातही खोटं लिहिलं, तर पुढं आजाराचं राहतं बाजूला आणि खोटेपणावरून नोकरी जाते. प्रश्न गैरवाजवी वाटला तर जागा कोरी ठेवा, किंवा 'याविषयी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जोडलं आहे' असं लिहा. मी फायली तपासायचो तेव्हा अशी कोरी जागा पाहून कोणाची नोकरी अडवली नाही. खोट्या सहीला मात्र माझ्याकडं उत्तर नसायचं.

तिसरा प्रश्न : सांगून मला काय हवं आहे? पाळी बदलून हवी, महिन्यातून एक दिवस तपासणीला सुट्टी हवी, दर दोन तासांनी पाणी प्यायला पाच मिनिटं हवीत, की काहीच नको? लातूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. मनाच्या आजारावर लिथियम घेणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी उन्हानं कमी झालं, तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या अशा माणसाला पाणी आणि सावली मागावीच लागेल. पण मागायचं काही नसेल आणि कामाला धोकाही नसेल, तर नुसतं मन हलकं करायला साहेबांची केबिन ही जागा नाही. त्यासाठी घरचं माणूस आहे, मित्र आहे, डॉक्टर आहेत. आणि कोणीच नसेल तर सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक 14416. तिथं मराठीतही बोलता येतं.

सांगायचं ठरलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा गोळी बदलून, वेळ बदलून किंवा मात्रा बदलून काम भागतं आणि सांगायची वेळच येत नाही. आपण डॉक्टरांना काय काम करतो हे सांगतच नाही. 'नोकरी करतो' एवढंच सांगतो. मशीनवर की टेबलावर, दिवसा की रात्री, हे त्यांना सांगा. मग त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या, आणि चिठ्ठीत आजाराऐवजी कामाविषयी लिहून मागा : अमुक काम करण्यास योग्य, तीन महिने रात्रपाळी देऊ नये. तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या आजाराची माहिती इतरांना न देणं हे डॉक्टरांवर बंधन आहे, अगदी मोजके अपवाद सोडून. मनाच्या आजाराबाबत तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. ही चिठ्ठी ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याच एका माणसाला द्या. सोबत चार ओळींचा अर्ज द्या, आणि पोच घेऊन त्याची प्रत घरी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सांगायची भीती वाटते म्हणून गोळी सोडू नका. माझ्या नोकरीत मी हे फार पाहिलं. डब्यासोबत गोळी काढली तर लोक विचारतील, म्हणून दुपारची गोळी चुकवायची. रात्रपाळीत झोप येईल म्हणून रात्रीची चुकवायची. क्षयाच्या गोळ्यांना काही महिने लागतात, माणूस दोन महिन्यांत बरं वाटलं की कामाच्या ठिकाणी लपवायचा त्रास नको म्हणून त्या थांबवतो, आणि पुढं त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात. फिटची गोळी एकदम बंद केली तर, जी फिट दोन वर्षं आली नाही, ती मशीनसमोर येते. गोळी घेऊन काम करणाऱ्या माणसापेक्षा गोळी लपवण्यासाठी ती चुकवणारा माणूस स्वतःला आणि दुसऱ्याला जास्त धोक्याचा असतो.

सांगितल्यावर कायदा किती पाठीशी उभा राहतो? खरं सांगायचं तर सगळ्यांच्या पाठीशी सारखा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनाचा आजार, पार्किन्सन, सिकलसेल, हिमोफिलिया यांचा समावेश आहे. सरकारी नोकरीत असताना कोणाला असं अपंगत्व आलं, तर त्याला काढता येत नाही, पगार कमी न करता दुसरं काम द्यावं लागतं. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं, की ज्या वागण्याचं मूळ मनाच्या आजारात आहे, त्याच्यासाठी शिक्षेची कारवाई करणं हाही भेदभाव ठरतो. पण मधुमेहाचं नाव त्या कायद्याच्या यादीत नाही. आणि आडतीवरचा हमाल किंवा दालमिलवरची रोजंदारीची बाई, यांच्या हातात नेमणुकीचा कागदच नसतो. 'मालकाला सांगितलं तर उद्या काम राहतंय का?' हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. अशा माणसानं एकट्यानं जाऊन सांगण्यापेक्षा संघटनेचा, हमाल पंचायतीचा किंवा मालक ज्याचा शब्द मानतो अशा कोणाचा आधार घ्यावा, आणि तेव्हाही आजाराचं नाव न घेता कामापुरतं बोलावं.

जे मालक, मुनीम, सुपरवायझर हे ऐकत असतील, त्यांनाही एक विनंती. तुमच्यासमोर कोणी असं काही बोललं, तर ते त्यानं बरेच दिवस मनात घोळवून बोललेलं असतं. 'कामात काय बदल करू?' एवढंच विचारा. आणि काळजी वाटली तरी चौघांना सांगू नका.

त्या पोराचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. त्याची रात्रपाळी बंद झाली. तो मशीनवर राहिला, पुढं ऑपरेटर झाला. बहिणीचं लग्न दोन वर्षांनी दुसरीकडं झालं. मोडलेली सोयरीक मात्र मोडलीच, ती आम्हाला कोणाला जोडता आली नाही. त्यानंतर कर्मचारी विभागात मी एक वेगळं कपाट केलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बंद पाकिटात त्या कपाटात, किल्ली एकाच माणसाकडं, आणि सुपरवायझरच्या हातात फक्त एक ओळीचा कागद : 'अमुक कामगारास रात्रपाळी देऊ नये.' कारण लिहायचं नाही. या कपाटाला खर्च काही आला नाही. जुनंच होतं, फक्त कुलूप नवं घेतलं.